होड्यांची वरात

बेलवाडीभोवती कुंडी नदीचं पाणी चढलं आणि सारं गाव देवळाच्या छपरावर जाऊन बसलं. अलीकडच्या घाटावर होड्या होत्या, वल्ही होती, माणसंही होती. पण एकही होडी हलेना! होड्या लष्कराच्या होत्या आणि वल्ही कचेरीची.

ही वाटणी राजा भद्रसेनाची. सेनापती तुळाजीराव आणि कारभारी त्र्यंबकपंत यांच्या रोजच्या भांडणाला कंटाळून त्याने मदतीच्या सामानाचे सरळ दोन भाग केले होते. वर हुकूम काढला होता, "एकमेकांना उसनं द्यायचं नाही, विकायचं नाही, बक्षीसही द्यायचं नाही. जो देईल त्याची हद्दपारी!" आणि एकदा काढलेला हुकूम भद्रसेन मागे घेत नसे. आताही तो राणीसह घाटाच्या वरच्या पायरीवर छत्रीखाली बसला होता आणि हुकूम नीट पाळला जातोय हे पाहत होता.

शिपाई ढालींनी पाणी मागे लोटत. होडी जागच्या जागी गरगर फिरे आणि परत घाटाला लागे. मग शिपाई उतरून सेनापतींना मुजरा करत आणि पुन्हा चढत. कचेरीची माणसं खांद्याला वल्ही लावून शिस्तीत पाहत उभी होती.

गर्दीतून वाट काढत भिवरा कासारीण पुढे आली. डोक्यावर बांगड्यांची पेटी, लुगडं चिंब. तिची एकुलती एक लेक, चंदा, त्या छपरावर होती. दिवस भरत आले होते तिचे.

"महाराज, छपराची एक बाजू खचली. होड्या सोडा!"

"सोडल्याच आहेत की. फिरतायत बघ!"

"वल्ह्यांशिवाय?"

"हुकूम म्हणजे हुकूम!" राजा म्हणाला. "तो न मोडता होडी पलीकडे नेऊन दाखव. नेलीस तर मागशील ते देईन. मोडलास तर ही पेटी उचलून राज्याबाहेर चालती हो!"

भिवराने एकदा पाण्याकडे पाहिलं. पेटी खाली ठेवली आणि सेनापतींपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, तुमच्या होड्या उपवर झाल्या."

"काय झाल्या?"

"किती दिवस घरात ठेवणार? स्थळ आणलंय. कचेरीची वल्ही. लाकूड सागवानी, घराणं बेलवाडीच्या सुताराचं."

सेनापतींच्या मिशा ताठ झाल्या. "म्हणजे लष्कर मुलीकडचं? आणि या पंतांपुढे मी मान खाली घालून उभा राहू? कदापि नाही!"

"राहू द्या मग. मुलीचा बाप व्हायला छाती लागते."

"कोणाला नाही छाती? काढा मुहूर्त!"

पंत खुशीत पुढे सरकले. "आम्ही वरपक्ष? मग आमचे पाय कोण धुणार?"

"पंत, गुडघाभर पाण्यात उभे आहात. नदीने केव्हाच धुतले."

पुरातून निसटून आलेले एक भटजी कुडकुडत पायरीवर बसले होते. भिवराने त्यांना उठवलं. भटजींनी आभाळाकडे पाहिलं, चढत्या पाण्याकडे पाहिलं आणि ओरडले, "मुहूर्त आत्ताच आहे! टळला तर पुढच्या वर्षी!"

मुहूर्त टळतोय म्हटल्यावर मात्र घाटावर एकच धावपळ उडाली. सकाळपासून 'आधी तुम्ही की आधी आम्ही' करणारे एकमेकांच्या पायांत अडखळू लागले. भिवराने प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला हिरवा चुडा बांधला. पंतांचं उपरणं अंतरपाट झालं. लष्कराच्या कोठीतले तांदूळ अक्षता झाले. मंगलाष्टकं सुरू झाली, "सावधान!" म्हटलं की शिपाई खाडकन टाचा जुळवून उभे राहत, आणि दर वेळी दोघे-तिघे पाण्यात पडत.

अक्षता पडल्या. तुळाजीराव डोळे पुसू लागले. "सांभाळा हो, पंत. धाकटी जरा डुगडुगते."

"लेकीसारखी सांभाळू!" पंतांनी त्यांना मिठी मारली.

"रडणं नंतर!" भिवरा ओरडली. "नवऱ्या सासरी निघू द्या. सासर बेलवाडीला आहे! वल्ह्यांबरोबर त्यांची माणसं बसतील. आणि नवरीसोबत पहिल्यांदा पाठराखीण जाते, तेव्हा शिपाईदादा, चढा!"

गलमिशांच्या पाठराखिणी मुकाट्याने होड्यांत चढल्या. पहिलं वल्हं पाण्यात पडणार, इतक्यात वरून गर्जना झाली.

"थांबा!"

सगळे थिजले. राजा उभा होता. "कासारणी, मला फसवतेस? लष्कराच्या होड्या कचेरीकडे चालल्या. हुकूम मोडला!"

पलीकडे छपराची आणखी चार कौलं पाण्यात गेली. भिवराचा आवाज मात्र हलला नाही.

"महाराज, मोडला असेल तर मी आत्ता निघते. फक्त एवढं सांगा. राणीसाहेब लग्न होऊन माहेरहून इथे आल्या, त्या उसन्या आल्या, विकत आल्या, की बक्षीस?"

राणीसाहेब सावकाश राजाकडे वळल्या. "हो, सांगा ना. मलाही ऐकायचंय."

राजाने तोंड उघडलं, मिटलं. राणीकडे पाहिलं, पुन्हा उघडलं. आणि मग त्याला असं हसू फुटलं की छत्री धरणाऱ्यालाच त्याला धरावं लागलं! "सोडा! सोडा वराती! मुली सासरी जाताना कोणता राजा अडवतो?"

वल्ही पडली. होड्या सरळ रेषेत पलीकडे गेल्या, भरून आल्या, पुन्हा गेल्या. दिवस मावळायच्या आत छपरावर एक कावळा तेवढा उरला. चंदा उतरली ती एका शिपायाच्या आणि एका कारकुनाच्या आधाराने. भिवराने तिच्या गालावरून हात फिरवला.

"कासारणी, माग," राजा म्हणाला. "गाव माग, वतन माग!"

"आहेर राहिलाय, महाराज. एक कोरडं लुगडं द्या. लेक भिजलीय."

राजाचं हसू क्षणभर थांबलं. राणीसाहेबांनी अंगावरचा भरजरी शेला काढून स्वतः चंदाला पांघरला.

"आणि आणखी?" राजाने विचारलं.

"आणखी एवढंच, की या सुनांना आता कायमचं सासरी, वल्ह्यांपाशीच, नांदू द्या. माहेरी फक्त दिवाळीला."

राजा पुन्हा हसत सुटला. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून बांगड्यांच्या पेटीवर ठेवलं आणि तिथेच जाहीर केलं की आजपासून भिवरा कासारीण ही दरबारची मानाची वरमाय, आणि राज्यात कुठेही पूर आला, आग लागली, तर लष्कराने आणि कचेरीने आधी तिच्या पाया पडायचं.