लेकीच्या घरचं पाणी

फार जुनी गोष्ट आहे. लोक नदीला आई म्हणत आणि तसं वागतही, त्या काळातली. एका राज्यात कापडाचा एक पारखी होता. डोळे मिटून नुसती बोटं फिरवली, की सूत कुठल्या मातीतलं, पीळ सैल की घट्ट, रंग टिकणार की उडणार, सगळं सांगे. त्याने शिक्का मारला की लोक निर्धास्तपणे कापड घेत. शिक्क्यावर एकच शब्द कोरलेला होता: निर्मळ.

त्याला एकुलती एक लेक. ती नदीकाठच्या गावात दिली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती, आणि लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, अशी तिकडची रीत. पारखी रीतीभातीला पक्का. तो लेकीकडे जाई, ओट्यावर टेके, बरोबर नेलेल्या तांब्यातलं पाणी पिई, तिची खुशाली विचारी आणि उन्हं कलायच्या आत माघारी वळे.

त्याच गावाच्या वरच्या अंगाला एका व्यापाऱ्याने मोठं रंगघर उभारलं. तिथलं हिरवं कापड असं, की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. पारखी तपासणीला गेला की व्यापारी वेशीपर्यंत सामोरा येई. सारवलेलं अंगण, ओळीने वाळत घातलेली वस्त्रं, वर वाळ्याचं सरबत! पारखी कापडावरून हात फिरवी आणि शिक्का मारी. रंगघराला मागचं दारही होतं. ते कुठे उघडतं, हे त्याने कधी विचारलं नाही. कापड बघायला आलेल्या माणसाने दारं कशाला बघावीत?

एका वर्षी राणीने मनावर घेतलं, की सणाला राज्यातल्या प्रत्येक लेकीबाळीला माहेरची साडीचोळी द्यायची. व्यापाऱ्याने कापड देऊ केलं. राणी म्हणाली, "शिक्का असेल तरच घेऊ." व्यापारी मनात हसला. हे काम मिळालं की रंगघर दुप्पट वाढवायचं, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

नेमकं त्याच वर्षी लेकीला दिवस गेले. बाळंतपणाला ती माहेरी आली. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पण सासरी निघायची वेळ आली की लेक म्हणे, "बाबा, अजून आठ दिवस राहते." असं दोन-तीनदा झालं. माहेर कुणाला सुटतं, असं म्हणून पारखी कौतुकाने हसला. शेवटी ती गेली.

दरबारात शिक्का मारायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी पारखी लेकीकडे निघाला. नातीसाठी त्याच हिरव्या कापडाचं अंगडं घेतलं. तांब्या मात्र मुद्दाम घरी ठेवला. इतक्या वर्षांनी आज लेकीच्या घरचं पाणी प्यायचं होतं.

पहिल्यांदाच तो उंबरा ओलांडून आत गेला. लेकीने पाट मांडला, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

"पोरी, पाणी?"

"तुमचा तांब्या कुठाय, बाबा?"

"आज कशाला तांब्या? आज तुझ्या हातचं प्यायला आलोय."

लेकीचे डोळे भरून आले. तिने कोपऱ्यातली कळशी तिरकी करून दाखवली. तळाशी घोटभर पाणी होतं. "हे डोंगरापलीकडच्या झऱ्याचं. पोरीसाठी राखून ठेवलंय. आणि नदीचं... ते तुम्हाला कसं देऊ?"

पारखी परसातून तडक नदीवर गेला. लेकही मागोमाग आली. काठावरचं गवत जळून गेलेलं. गुरांचं पाऊल कुठे उमटलेलं नाही. त्याने पाण्याची ओंजळ भरली आणि काखेतल्या अंगड्याकडे पाहिलं. दोन्ही सारखीच हिरवी. वर पाहिलं, तर रंगघराचं मागचं दार दिसत होतं आणि तिथून रंगाच्या पाण्याचा पाट थेट नदीत उतरत होता.

"एवढी वर्षं बोलली का नाहीस गं?"

"घरोघरची माणसं तिथंच कामाला जातात, बाबा. जो बोलेल त्याची चूल विझते. आणि..." लेक अडखळली. "कापडावर तुमचा शिक्का असतो. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक असेल."

जन्मात कुणी पारख्याला इतकं लागेल असं बोललं नव्हतं. आणि लेकीला तर बापाला लावून बोलायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दरबारात हिरव्या साड्यांचे ढीग लागले. पारख्याने सवयीने हात फिरवला, पण शिक्का उचलला नाही.

"खोट असेल तर दाखवा ना, पारखीबुवा," व्यापारी म्हणाला.

"कापडात खोट नाही. खोट माझ्या पारखीत आहे. मी कापड पाहिलं, पण त्याच्या रंगाने नासलेली नदी पाहिली नाही, कापडापायी कोण तहानलं ते पाहिलं नाही. राणीसाहेब, ज्या लेकींना ही साडी नेसवायची, त्यांच्यातल्याच एकीच्या घरी काल बापाला द्यायला पाणी नव्हतं." एवढं बोलून त्याने शिक्का राणीच्या पायाशी ठेवला.

राणीने कापड परत पाठवलं. त्या सणाला लेकीबाळी जुनीच लुगडी नेसल्या. नदीत सोडलेला पाट बुजवेपर्यंत रंगघर बंद राहिलं, आणि तोवर कामगारांच्या चुली व्यापाऱ्याने पेटत्या ठेवायच्या, असा हुकूम निघाला. शिक्का राणीने पारख्यालाच परत दिला, पण एका अटीवर. यापुढे शिक्का मारण्याआधी त्याने नदीच्या खालच्या अंगाला शेवटच्या घरी मुक्काम करायचा आणि त्या घरचं पाणी प्यायचं.

पण नदी काही हुकमाने निवळत नाही. पावसाळे आले नि गेले. पारखी लेकीकडे जाई, हातावरचा गूळ खाई, पाणी मात्र मागत नसे. तो वारला त्या साली नदी अजून हिरवटच होती.

पुढे नात मोठी झाली. एक दिवस नदीचा तळ दिसू लागला. तिने आजोबांचा तांब्या घासून काढला, नदीच्या पाण्याने भरला आणि गुळाच्या खड्यासह ओट्यावर, ते बसत त्या जागी ठेवला. मगच ती स्वतः प्यायली.

तर लहानथोरांनो, गाठ मारून ठेवा: ज्या वस्त्रापायी कुणाचं पाणी नासतं, ते कितीही तलम असलं तरी निर्मळ नव्हे.