तळातलं खत

कोंबड्या आणि वेली एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. यमूकाकूंच्या परसातली चवळी पिवळी पडली होती. "आता नाही सुधारली तर उपटतेच हिला," म्हणत काकूंनी उकिरड्यावरचं ताजं शेण पाटीत भरलं.

चवळी घाबरली. "कोंबडीबाई, ताज्या शेणानं माझी मुळं करपतील गं!"

"करपतायत कशी, बघतेच!" म्हणत कोंबडी उकिरडा उकरायला लागली. काकूंनी झाडू मारला, चार पिसं उडाली, तरी बया पुन्हा हजर! शेवटी तळातलं काळंभोर, भुसभुशीत खत वर आलं. काकूंनी ते हुंगलं, तर घाण वासच नाही, म्हणजे पुरतं कुजलेलं. त्यांनी पाटीतलं शेण परत उकिरड्यावर टाकलं आणि तेच खत चवळीला घातलं.

चवळी शेंगांनी लगडली. "पहिली शेंग तुला," ती म्हणाली.

"शेंग राहू दे. टरफलं तेवढी उकिरड्यात पडू देत. पुढच्या वर्षी पुन्हा उकरायचंय मला."