माणिकहार आणि राणीचा जबडा

एका राज्यात नदी हाकेला ओ देत असे. उन्हाळा लागला की ती डोंगरमाथ्यावर जाऊन निजे. वैशाखी पौर्णिमेला राज्याच्या धन्यानं घाटावर उभं राहून मोठ्यानं हाक मारली, की ती डोळे चोळत खाली उतरे. दुसऱ्या कुणाचा आवाज तिला ओळखू येत नसे.

त्या राज्याची राणी केतकी. तिचे वडील, राजा तुंगभान, हिवाळ्यात वारले आणि गादी तिच्याकडे आली. प्रधानांनी राजाचा माणिकहार तिच्या गळ्यात घातला. लिंबाएवढी माणकं, आणि त्यांना आतून तांबूस उजेड. सारी प्रजा तो हार पाहून हरखली.

दुसऱ्या दिवशी राणी जागी झाली ती कानाजवळ ठणका घेऊनच. जांभई द्यायला गेली तर जबड्यात ‘कट्’ असा आवाज आला. पुढं पुढं कानशिलं दुखू लागली, भाकरीचा तुकडा चावेना. शेवटी तोंड एका बोटाएवढंच उघडू लागलं. कुणी म्हणालं दाढ किडली, कुणी कानात तेल घातलं. पौर्णिमा जवळ येत होती आणि राणीच्या तोंडून हाक सोडा, साधं वाक्यही धड निघत नव्हतं.

राजवैद्या मेघमाला आली. तिनं राणीच्या दोन्ही कानांपुढं बोटं टेकवली.

“तोंड उघडा, राणीसाहेब.”

“एवढंच उघडतं.”

“मिटा. पुन्हा उघडा.” वैद्या डोळे मिटून ऐकत राहिली. “कान स्वच्छ आहेत, दाढा धड आहेत. दुखतोय तो हा सांधा, जबडा कवटीला जिथं जोडलाय तिथला. तुम्ही झोपेत दात आवळता. त्याला विसावाच मिळत नाही.”

“मी कशाला आवळीन?”

“ते माझ्या विद्येला कळत नाही. पूर्वेच्या अरण्यात उंबरावर एक म्हातारा धनेश राहतो. त्याला विचारावं.”

राणी एकटीच निघाली. अरण्यात झाडं आपापसांत हळू बोलत होती. ती आली तशी वाट देऊन गप्प झाली. उंबराच्या फांदीवर धनेश बसला होता. केवढी थोरली चोच त्याची! पण ती अलगद मिटलेली, जणू त्याला तिचा भारच नव्हता.

“तुंगभानाची लेक ना?” धनेश म्हणाला. “हार तोच आहे.”

“हाराचं काय?”

“तुझ्या बापानं तो कृष्णकड्याच्या मांत्रिकाकडून लढून आणला. मांत्रिकानं शाप दिला, ज्याच्या गळ्यात हा पडेल, त्याचे दात झोपेतसुद्धा राखणीला बसतील. हार काढून ठेवलास तरी शाप उतरायचा नाही. तीन कामं कर. कढत कुंडावर जा आणि तिथली गोष्ट संपेतो बसून राहा. मग सुपारीचं बन काही न चावता ओलांड. आणि शेवटी हार ज्याचा त्याला दे.”

“एवढंच?”

“एवढंच. आणि हे शिकून घे. ओठ मिटलेले, दात सुटलेले. जीभ वर, ‘न’ म्हणताना टेकते तिथं. जेवताना सोडून दातांनी एकमेकांना भेटायचं काही कारण नाही.”

राणीनं तसं करून पाहिलं. गालातलं काहीतरी सैल पडलं, पण क्षणभरच.

कढत कुंडातून वाफ उठत होती आणि वाफेत बायका राहत होत्या. त्यांनी आपल्या ओल्या, ऊन पदरांनी राणीचे गाल शेकायला घेतले आणि गोष्ट सुरू केली. गोष्टीत काहीच घडत नव्हतं. एक ढग एका कुरणावरून जात होता. राणी उठू पाही, तिला नदीची आठवण येई, आणि दात पुन्हा आवळत. बायका म्हणत, “बस गं. ढग अजून कुरणातच आहे.” हळूहळू राणीचे खांदे उतरले, मान सुटली, आणि कोणत्या वेळी ढग कुरणापार गेला ते तिला कळलंच नाही. बायकांनी एक ऊन पदर फाडून तिच्या हाती दिला. तो पुढं कधी गार झाला नाही.

मग सुपारीचं बन. राणीला सुपारीचा भारी नाद. दरबारात मन घट्ट करायचं झालं की ती सुपारी चघळत बसे. बनातल्या सुपाऱ्या गोड आवाजात म्हणू लागल्या, “एकच खांड, राणी! दाढेखाली धर, धीर येईल.” उसानं वाट अडवली, भाजलेले चणे पायांशी उड्या मारू लागले. राणीनं शिदोरी सोडली. मऊ दहीभात आणि कुस्करलेलं केळं. लहान लहान घास न चावता गिळत, गालाशी ऊन पदर धरून ती चालत राहिली. बन संपलं तेव्हा दोन बोटं मावतील एवढं तोंड उघडू लागलं होतं.

कृष्णकड्यावर मांत्रिक बसला होता. राणीनं हार काढून पुढं धरला.

“तुझा आहे. घे.”

“दात आवळून दिलेलं मी घेत नाही,” मांत्रिक म्हणाला. “आधी मी बोलतो, तू ऐक. तुझा बाप तुझ्याकडं बघून कधी हसला?”

राणीनं हार तसाच पुढं धरून ठेवला.

“तू पहिल्यांदा घोड्यावर बसलीस, तेव्हा शाबासकी दिली? आजारी पडलीस, तेव्हा उशाशी येऊन एक शब्द बोलला? दगडासारखा उभा राही ना? तू त्याला नकोच होतीस.”

शब्दाशब्दाला राणीचा जबडा मिटत गेला. कानाजवळ कळ उठली. दातांवर दात आले, आणि त्याच कळेत तिला वडिलांचा चेहरा दिसला. उशाशी उभे. ओठ पांढरे. कानशिलाची शीर उडते आहे.

“त्यांनाही दुखत होतं,” ती पुटपुटली.

तिनं जीभ वर नेली, ‘न’च्या जागी. दात सुटले.

“नाही,” राणी म्हणाली. “ते हसत नव्हते, कारण त्यांना हसता येत नव्हतं. बोलता येत नव्हतं. वर्षातून एकदा नदीला हाक मारत, तीही कळ सोसून. तरी ते रोज माझ्या उशाशी येऊन उभे राहत.”

आणि तिला रडू फुटलं. हिवाळ्यापासून, वडील गेल्यापासून, ती रडली नव्हती. आता ती तोंड उघडून रडली, लहान मूल रडतं तशी, आणि जबडा कुठंही अडला नाही.

रडता रडताच तिनं हार मांत्रिकाच्या मांडीवर ठेवला. मांत्रिकानं माणकं ओंजळीत घेतली. त्याच्या हातात ती पळसाची फुलं झाली आणि वाऱ्यावर उडून गेली.

“एवढी वर्षं मीही माझ्या रागाची राखणच करत होतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. “जा, लेकी. पौर्णिमा आली.”

घाटावर सारी प्रजा रिकाम्या घागरी घेऊन बसली होती. राणी पायऱ्या उतरली, तिनं श्वास घेतला आणि हाक मारली. डोंगर हलला. पहिल्यांदा ओल्या मातीचा वास आला, मग खळखळ, आणि मग नदी वळणावरून धावत आली. बायकांनी घागरी बुडवल्या, गुरं पाण्यात उतरली.

सांध्याची कुरकुर लगेच थांबली नाही. मेघमाला काही दिवस रोज येऊन शेक देई, मऊ जेवण वाढायला लावी, आणि जबडा हलकेच उघडमीट करून घेई. हळूहळू तीही कुरकुर गेली.

पुढं एका दुपारी परराज्याचा वकील दरबारात लांबलचक खलिता वाचत होता. ऐकता ऐकता राणी केतकीनं सिंहासनावर बसूनच एक जांभई दिली. चांगली मोठी, निवांत, आवाज न होणारी जांभई. ती पाहून प्रधानांना जांभई आली, प्रधानांची पाहून भालदार-चोपदारांना, त्यांची पाहून वकिलाला. राजवाड्यातून ती बाजारात गेली, बाजारातून शेतात. त्या दुपारी सगळं राज्य ओठ मिटून, दात सैल सोडून गाढ झोपलं.