लाल पट्ट्यांची झाडं

फार फार पूर्वी कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, किनाऱ्याला बिलगून एक छोटं गाव होतं. किनाऱ्यावर बदामाची झाडं होती, आणि त्यांच्यातच एक विषारी झाड होतं. दिसायला देखणं, दाट सावलीचं. पण पाऊस आला की त्याचा चीक पाण्याबरोबर ठिबकायचा आणि अंग भाजून काढायचा. तोडावं, तर किनारा त्याच्याच मुळांनी धरलेला. म्हणून जुन्या लोकांनी त्याच्या खोडाला लाल पट्टा रंगवला होता. लाल पट्ट्याखाली जायचं नाही, हे गावातलं मूल बोलायच्या आधी शिकायचं.

एकदा कळलं, की राणीचं जहाज गावाला येणार आहे. वडीलधाऱ्यांची बैठक बसली. सगळ्यांत ज्येष्ठ सिप्रियन आजोबा म्हणाले, की सगळ्याच झाडांना लाल पट्टे मारू, किनारा कसा नटलेला दिसेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

ओडील नावाची तरुण मुलगी शेजारीच जाळं विणत होती. तिने विचारलं, "आजोबा, मग विषारी झाड कुठलं, ते कळणार कसं?"

"तुझ्या जन्माआधीपासून ओळखतो मी त्याला. डोळे मिटून दाखवीन."

"तुम्ही दाखवाल हो. पोरांचं काय?"

त्यावर एक म्हातारा म्हणाला, की पहिला पट्टा हिच्या जिभेला मारा. सगळे पोट धरून हसले.

झाडं रंगली. पोरं आधी बिचकली. मग एक पोर पट्ट्याखाली बसलं, मागोमाग दुसरं. बदामाखाली बसून कुणाला काय होणार? बघता बघता लाल रंगाची भीती मेली.

राणी आली त्या दिवशी सारं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. जहाज नांगर टाकत होतं, तोच पावसाची सर कोसळली. सिप्रियन मांडवात होते. त्यांची नात मिरेल नव्या फ्रॉकमध्ये वाळूवर उभी होती.

"मिरेल, त्या झाडाखाली पळ, भिजशील," ते ओरडले आणि बोट दाखवलं. शहाणी पोर. तिने ऐकलं.

ते झाड कुठलं होतं, हे त्यांना तिच्या किंकाळीने कळलं.

डोळे मिटून झाड ओळखणाऱ्या माणसाने उघड्या डोळ्यांनी नातीला त्याच्याखाली धाडलं.

ओडीलने धावत जाऊन तिला ओढून काढलं, घागरीच्या पाण्याने धुतलं. जीव वाचला. पण चीक डोळ्यांत उतरला होता, दृष्टी गेली. किंकाळ्या ऐकून राणीचं जहाज आल्या वाटेने परत फिरलं.

डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मिरेलने नंतर विचारलं, "आजोबा, त्या झाडाला लाल पट्टा होता ना?"

"होता, बाळा," सिप्रियन म्हणाले. "सगळ्यांनाच होता."

दुसऱ्या दिवशी शिंपला घेऊन ते एकेका बदामाचा रंग खरवडायला बसले. मदतीला कुणी गेलं नाही. ओडीलही नाही.

इशाऱ्याची शोभा केली, की संकट आल्यावर सांगायला इशारा उरत नाही.