दोन हिसके

“बेलभंडारा उचलू देणार की नाही, तेवढं सांगा बाबा.”

लिंबाजीनं ताटली देवळाच्या ओट्यावर आदळली. ताटलीत बेलाची पाच पानं आणि चिमूटभर भंडारा. तो हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं, असं त्या भागात अजून मानतात.

मोतीगीर गोसावी घोंगडी झटकत होते. त्यांनी ताटलीकडं पाहिलंसुद्धा नाही.

“कुणापुढं उचलणार?”

“त्या हणमापुढं. त्याच्या टोळक्यापुढं. दोस्त म्हणवतात माझे.”

“काय म्हणतात?”

लिंबाजी ओट्याच्या कडेला टेकला.

तो आणि त्याचा थोरला भाऊ दौलती विहिरींचा गाळ काढायचे. दौलती कमरेला दोर बांधून खाली उतरायचा, लिंबाजी वर दोर धरून बसायचा. खालून दोन हिसके आले की वर ओढायचं, हा ठरलेला इशारा. वीस दिवसांपूर्वी हिसका आलाच नाही. लिंबाजीनं हाका मारल्या. मग न राहवून ओढलं... वर आला तेव्हा दौलतीचा श्वास थांबला होता. विहिरीत घाण हवा साचली होती.

“हणमा म्हणतो, गुदमरणारा माणूस हिसका दिल्याबिगर राहील होय? तुझंच ध्यान नसेल, बिडी ओढत असशील.”

“आणखी?”

“म्हणतो, आमच्यापाशी कशाला लपवतोस, आम्ही काय परके आहोत? झालं ते झालं, आम्ही तुला बोल लावत नाही...” लिंबाजीनं ओट्यावर मूठ हाणली. “मी न केलेल्या गुन्ह्याची माफी देतोय मला. वर माझ्याच पैशाचा चहा पिऊन.”

मोतीगीरांनी घोंगडीची घडी घातली.

“दिला असेल हिसका. तुला कळला नसेल.”

लिंबाजी बघतच राहिला. लहानपणापासून तो या म्हाताऱ्याच्या पायाशी बसत आला होता.

“तुम्हीपण, बाबा?”

मोतीगीरांनी घोंगडी बाजूला ठेवली. ओट्याशेजारीच पायऱ्यांची विहीर होती. त्यांनी खुंटीवरचा दोर काढला, एक टोक लिंबाजीच्या हातात दिलं, दुसरं आपल्या कमरेला बांधलं.

“दोन हिसके दिले की ओढ.”

आणि पायऱ्या उतरून वळणाआड गेले.

लिंबाजी दोर धरून उभा राहिला. मनात संताप होता, पण हात हलला नाही. भुवईवर माशी बसली. त्यानं नुसती मान झटकली. डोळ्यांत घाम उतरला, तो तसाच राहिला.

देवळातली म्हातारी शेळी ओट्यावर चढली आणि तिनं ताटलीत तोंड घातलं.

“ए, हाड.”

शेळीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली...

बऱ्याच वेळानं मोतीगीर धापा टाकत वर आले.

“ओढलं का नाहीस? दोनदा हिसका दिला मी.”

“नाही दिला.”

“दिला.”

“नाही दिला, बाबा.”

“मी गोसावी माणूस. देवळाच्या दारात खोटं बोलेन?”

“ते तुमचं तुम्ही बघा. हिसका आला नाही.”

“हणमाला बोलावतो. तो माझंच खरं मानेल.”

“मानू दे. सगळा गाव बोलवा. दोर माझ्या हातात होता, त्यांच्या नव्हता.”

“मग उचल बेलभंडारा.”

लिंबाजीनं ताटलीकडं पाहिलं. तिच्यात हळदीचा एक ओला डाग राहिला होता. शेळीच्या दाढीला भंडारा लागला होता.

“खाल्लं हिनं.”

“तुझ्या देखत?”

“देखत.”

“चार पावलांवर तर होती. हाकलली नाहीस?”

“हाकलायची तर दोर सोडावा लागला असता.”

हे बोलला आणि लिंबाजी थांबला. वीस दिवसांत डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं, ते आता दोरावर पडू लागलं.

मोतीगीरांनी कमरेची गाठ सोडली. जवळ येऊन त्याची बोटं एकेक करून उलगडायला लागले. बोटं उलगडत नव्हती.

“ठेव आता खाली,” ते म्हणाले. “वीस दिवस धरलायस... हात भरून आले असतील.”