दोन शेगड्या आणि एक सुपारी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याच्या वेशीचा दगडसुद्धा आता कुणाला सापडायचा नाही. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरा पुढे सरकून बसावं, कारण हिच्यातली खोड लहानांना नसते.

त्या राज्यात महिपती नावाचा आचारी होता. त्याची जीभ अशी तयार, की वांगं कोणत्या मळ्यातलं हे तो एका घासात सांगायचा. म्हणून राजाने त्याला सुपारीचा मान दिला होता. खाण्यापिण्यातला कुठलाही निवाडा असला, की दोन पानं झाकून महिपतीपुढे ठेवायची. त्याने दोन्ही चाखायची आणि सरस असेल त्या पानावर सुपारी ठेवायची. एकदा ठेवलेली सुपारी राजाही हलवत नसे.

महिपतीचा जिवाभावाचा सोबती म्हणजे रखमाजी लोहार. दोघे एका गल्लीत वाढलेले. रखमाजी मांस भाजायच्या कोळशाच्या शेगड्या करायचा. हंड्यासारखी गोल शेगडी, तिला वरून झाकण. वारा आत घ्यायला बुडाशी भोकं आणि धूर सोडायला झाकणाला भोकं. पत्रा पातळ, रूप यथातथाच. एक मात्र होतं, प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर तो हातोडीचे तीन टोले घालायचा आणि तिथे तीन बारक्या खळ्या उमटायच्या. त्याचा खिळा निघाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याचं झाकण मात्र नीट बसत नसे. फटीतून धूर निघायचा. त्यावर तोडगा महिपतीनेच काढला होता. तो म्हणाला, "अरे, काठाला नदीचा ओला पोयटा लाव की. आतली वाफ आत राहील." तेव्हापासून त्या शेगडीतलं मांस मऊसूत होऊ लागलं, आणि त्याला ओल्या मातीचा पुसट वास येऊ लागला. तो वास जगात दोघांनाच ओळखू यायचा.

पुढे एकदा राजधानीचा एक व्यापारी गावात आला. त्याच्याही शेगड्या झाकणाच्याच, पण काय त्यांचा थाट सांगू! जाड बिडाचं अंग, आरशासारखी काळी झळाळी, पितळी मूठ, राख काढायला खाली वेगळं ताट. दोन गडी लागायचे उचलायला. महिपतीने पाहिली आणि त्याचा जीव तिच्यावर जडला.

"अहो, आपली आहे तिला काय झालंय?" त्याची बायको येसाई म्हणाली.

"तुला नाही कळायचं. ही सात पिढ्या टिकेल. सुपारीच्या मानकऱ्याच्या दारात पत्र्याचं डबडं शोभतं का?"

 येसाईने शेगडी घ्यायला हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. शेगडी वाजतगाजत घरी आली आणि अख्खं गाव बघायला लोटलं.

आता खोटं कशाला सांगू, त्या शेगडीत गुण होते. एकदा तापली की दुपारभर निवायची नाही. कोळसा कमी खायची. पण तिचं जाड अंग तापून असं भडकायचं, की मांस वरून खमंग दिसे आणि आतून कोरडं पडे. महिपतीने पहिला घास घेतला आणि त्याला ते तिथल्या तिथे कळलं. 'हात बसायचाय अजून,' तो मनाशी म्हणाला. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तिसऱ्यांदाही तसंच. बाहेर मात्र तो सांगत सुटला, "असं मांस मी जन्मात खाल्लं नव्हतं."

येसाईसुद्धा ते कोरडं मांस मुकाट्याने चावायची. तिच्या रिकाम्या मनगटाकडे बघायचं तो टाळायचा.

अशात राजाला डोंगरावरच्या चौक्यांसाठी चाळीस शेगड्या हव्या झाल्या. रखमाजीच्या घ्याव्या की व्यापाऱ्याच्या, यावरून दरबारात खल झाला. शेवटी राजा म्हणाला, "महिपतीची सुपारी ठरवील."

आदल्या दिवशी रखमाजी महिपतीच्या ओट्यावर येऊन बसला.

"महिपा, हे काम गेलं तर माझा भाता बंद पडेल बघ. नांगराचे फाळसुद्धा लोक आता राजधानीतून आणतात. गाव सोडावं लागेल मला."

"असं अभद्र बोलू नकोस."

"माझ्याकडे झुकू नकोस, एवढंच सांगायला आलोय. जिभेला जे लागेल ते सांग. मला तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी एकाच बोकडाचे दोन वाटे केले. राजवाड्यातल्या एका आचाऱ्याने एकाच ढिगातला कोळसा दोन्हीकडे घातला. रखमाजीला काठाला पोयटा लावायची मुभा मिळाली. मांस भाजून झालं, पानं वाढली गेली, झाकली गेली, आणि कोणतं पान कोणत्या शेगडीचं हे एकट्या प्रधानाला ठाऊक राहिलं.

महिपतीने पहिल्या पानातला तुकडा तोंडात घातला. वरून खमंग, आत कोरडा. मग दुसऱ्या पानातला घातला. तो जिभेवर विरघळला, आणि मागून हळूच ओल्या मातीचा वास आला.

त्याला सगळं कळलं. हात दुसऱ्या पानाकडे निघालासुद्धा. तेवढ्यात त्याची नजर गर्दीवर गेली. ज्यांच्यापुढे त्याने त्या काळ्या शेगडीचं तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं होतं, ते सगळे निवाडा बघायला दरबारात येऊन समोर बसले होते. बायकांच्या घोळक्यात येसाई होती. सुपारी दुसऱ्या पानावर ठेवायची म्हणजे भर दरबारात सांगायचं, की मी बायकोच्या पाटल्या घालवून फसलो. मी, राज्यातली पहिली जीभ, नुसत्या झळाळीला भुललो.

त्याने सुपारी पहिल्या पानावर ठेवली.

प्रधानाने ते पान काळ्या शेगडीचं असल्याचं पुकारलं आणि लोकांनी माना डोलावल्या. व्यापाऱ्याने मुजरा केला. रखमाजी उठून महिपतीजवळ आला आणि त्याने हळू आवाजात विचारलं, "महिपा, मातीचा वास नाही आला का रे?"

"नाही आला," महिपती म्हणाला.

 रखमाजीने मान हलवली आणि तो निघून गेला. आठ दिवसांत त्याने ऐरण गाडीवर चढवली, बायकापोरं बसवली आणि गाव सोडलं. जाताना तो महिपतीच्या घरावरून गेला नाही. ती निवाड्यातली पातळ शेगडी मात्र कुणीतरी महिपतीच्या ओट्यावर ठेवून गेलं होतं. तिच्या काठाला वाळलेला पोयटा तसाच होता.

वर्षं गेली. महिपतीच्या काळ्या शेगडीचा पाय निखळला. गावात लोहार नव्हता, म्हणून ती तशीच दगडाच्या टेकूवर उभी राहिली. चौक्यांवरच्या शेगड्यांचीही तीच गत झाली, आणि राजाला नव्या चाळीस शेगड्या हव्या झाल्या.

महिपती आता थकला होता. एका दुपारी त्याने ती पातळ शेगडी माळ्यावरून काढली, काठाला पोयटा लावला आणि मांस भाजलं. येसाईने एक घास खाल्ला आणि ती म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते." महिपती पानावर बसूनच रडला.

दुसऱ्या दिवशी तो दरबारात गेला. "महाराज, त्या दिवशी रखमाजीची शेगडी सरस होती. मी खोटी सुपारी ठेवली. त्याला शोधून आणा, काम त्याला द्या."

राजाने प्रधानाकडे पाहिलं. प्रधान हसून म्हणाला, "वय झालंय, महाराज. जीभ गेली बिचाऱ्याची."

राजा महिपतीला म्हणाला, "तू तेव्हा खोटं बोललास, की आता चवीला चुकतोयस? काहीही असो, ही जीभ आमच्या कामाची राहिली नाही." सुपारीचा मान काढून घेतला गेला. चाळीस शेगड्या त्याच व्यापाऱ्याकडून आल्या.

शेगड्या गाड्यांतून उतरत होत्या तेव्हा महिपती वाटेत उभा होता. त्याने एक शेगडी कलती करून बुडाशी हात फिरवला. पायाच्या प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर तीन बारक्या खळ्या होत्या. रखमाजी आता त्या व्यापाऱ्याच्या कारखान्यात मजुरीने खिळे ठोकत होता.

"हे पाय नाही निखळायचे," महिपती गाडीवानाला म्हणाला. गाडीवानाने त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

म्हणून सांगतो, आपण फसलो हे कबूल करायची ज्याला लाज वाटते, तो आपल्या चुकीचं ओझं दुसऱ्याच्या संसारावर टाकतो, आणि मग त्याचं खरंही कुणी खरं मानत नाही.