कुलपाआडची हजेरी

या बाळांनो, भिंतीला पाठ टेका आणि कान इकडे द्या. एका गावात आजार आला आणि शाळेला हे भलंमोठं कुलूप लागलं. आता बघा, बंद दुकानात माल जिथल्या तिथं राहतो. बंद शाळेचं तसं नसतं. ती दिलेला माल गुपचूप माघारी ओढून घेते!

हे आधी कळलं रुंजीला. तिची आई बांबूच्या टोपल्या विणायची. धडे यायचे फोनवर, आणि घरात फोन कुठला? रुंजी, शेजारची भिवरा, कुंभारआळीतला तिलू, सगळे तसेच. एका दुपारी रुंजी राखेत नाव लिहायला बसली, तर बोट हवेतच थांबलं. ‘र’ कसा काढतात?

“आये, माझं नाव गेलं गं!”

“नाव कुठं जातंय, वेडे?” आई म्हणाली. पण तिचेही विणते हात थांबले.

शाळेमागच्या बागेतली झाडं तहानेनं सुकतील म्हणून रुंजी रोज त्यांना पाणी घालायची. त्या सांजेला आभाळ जांभळं-केशरी झालं होतं, अबोलीची चिमुकली फुलं लुकलुकत होती. इतक्यात बंद वर्गातून पाढे ऐकू आले. हळू, एका सुरात. रुंजीनं फटीला डोळा लावला. बाकं रिकामी! नुसत्या रंगीत ठिणग्या तरंगत होत्या, आणि एका पिवळ्या ठिणगीतून रुंजीचाच आवाज येत होता.

“ओळखलास ना?” मागून कुणी पुटपुटलं.

अबोलीवर इवलीशी परी बसली होती. खडूसारखी पांढरीफटक, पंख कांद्याच्या पापुद्र्याचे. पापणी मात्र लवत नव्हती.

“ज्यांच्यापर्यंत धडा पोचत नाही, त्यांची अक्षरं इथं परत येतात. तू झाडं जगवलीस. एक इच्छा माग.”

“माझी अक्षरं द्या, परीताई.”

“मी हजेरी घेईन. आपल्या नावाला ‘हजर’ म्हण, तुझी ठिणगी तुझी. दुसऱ्यासाठी म्हटलंस, तर त्याची वाचेल, तुझी विझेल. आणि ज्याची ओ येणार नाही, त्याची कायमची विझेल.”

रुंजीनं मान हलवली.

“भिवरा!”

भिवरा तर तिकडं घरी. गुलाबी ठिणगी मंद मंद होत चालली. भिवरा शेळ्या सोडून शाळेत उशिरा यायची, म्हणून तिची हजेरी रोज रुंजीच लावायची. जिभेला सवय!

“हजर!” बोलून गेल्यावर रुंजीनं तोंडावर हात ठेवला.

गुलाबी ठिणगी फुलली. पिवळी फुस्सकन विझली. परी ना हसली, ना रागावली.

“तिलू!”

रुंजीला रडू कोसळलं, पण रडता रडताच ती ओरडली, “थांबा! बाजार बंद झाला तेव्हा आमची आई गिऱ्हाइकाची वाट बघत बसली नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन दारोदार गेली. कुलपाआडून हाका मारल्यात तर तिलूला कशा ऐकू जाणार? चला की त्याच्या दारी!”

परीची पापणी पहिल्यांदाच लवली.

“वाट दाखव. पण मागं वळून बघू नकोस. मागून कोण कोण चाललंय, ते बघायचं नसतं.”

रुंजी पुढं झाली. मागं पावलं वाजत नव्हती. नुसती सळसळ, नुसते पाढे. मानेवर गार श्वास लागत होता. ती वळली नाही.

परीची हाक ऐकून, तोंडाला रुमाल बांधून तिलू उंबऱ्यावर आला. “हजर! आत्ता कसली गं शाळा, रुंजे?”

“गप! मिळतंय ते आधी घे!”

ठिणगी त्याच्या कपाळात शिरली आणि घराच्या भिंतीवर चमचमती अक्षरं उमलली. मग पुढचं दार, त्याच्या पुढचं दार. पोरं आपापल्या उंबऱ्यातून ओ देत गेली, भिंती उजळत गेल्या. शेवटी रुंजीचं घर आलं.

“विझलेली ठिणगी मला पेटवता येत नाही, बाळ,” परी हळूच म्हणाली. “पण तुझ्यामुळं या भिंतीच आता सगळ्यांची शाळा.”

चांदण्यासारखा लख्ख उजेड झाला आणि रुंजीच्या भिंतीवरही अक्षरं उमलली. रुंजी वळली, तर गल्ली रिकामी.

“रुंजे!” पलीकडच्या उंबऱ्यातून भिवरा ओरडली. “तुझ्या भिंतीवरचं पहिलं बघ. तो ‘र’!”

रुंजीनं बोट ठेवलं. अक्षर कोमट होतं, श्वास घेत होतं.

“र,” ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्या बोटाशेजारी आणखी एक बोट आलं. बांबूनं चिरलेलं, खरखरीत.

“आणि माझं नाव,” आईनं लाजत विचारलं, “ते कुठनं सुरू होतं गं?”